माजघरातील शब्द आणि पोलीस ठाणे

एके काळी पत्र लिहून पाकीट बंद केले, की त्यातील मजकूर लिहिणारा आणि वाचणारा या दोघांपुरता राहत असे. आज तेच पत्र मोबाईलवरून जाते. बोटाच्या एका स्पर्शाने ते दोघांचे दोनशेंचे होते आणि त्यांपैकी एकाचे मन दुखावले, की पोलीस ठाण्याच्या दफ्तरी दाखल होते. अशा खाजगी संदेशातील कोणत्या शब्दासाठी नागरिकास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, हा प्रश्न केवळ वकिलांचा उरलेला नाही. तो घरोघरीचा झाला आहे.

या प्रश्नाचे एक चुकीचे उत्तर आपण देऊन पाहिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ सालच्या दुरुस्तीने कलम ६६-अ घुसडण्यात आले. कोणास त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून ई-मेल धाडणे, एवढ्यासाठीही त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती! नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर नाराजी लिहिणारी एक तरुणी व तिच्या मजकुरास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना पालघर येथे अटक झाली, तेव्हा या कायद्याचे स्वरूप साऱ्या देशाला दिसले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा वेगळी, मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी. चिथावणीची पायरी गाठल्यावाचून कायद्याला हात घालता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होय. एका व्यक्तीस धाडलेला मजकूर आणि हजारोंपुढे मांडलेला मजकूर यांत हे कलम भेदच करीत नाही, हाही दोष न्यायालयाने दाखविला.

याचा अर्थ खाजगी संदेशात वाटेल ते लिहिण्याची मुभा आहे, असा मात्र कोणी करू नये. धमकी एकाच्याच कानी घातली म्हणून ती धमकी राहत नाही असे नाही. बदनामीला तिसरा माणूस लागतो. पण दोनशे सभासदांच्या गटात तिसरा माणूस शोधावा लागत नाही. स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे शब्द ई-मेलमध्ये लिहिले, तोंडाने उच्चारले नाहीत, ही पळवाट मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली बंद केली. ज्याने लिहिले त्याने उत्तर द्यावे, हे न्याय्यच आहे. मात्र दुसऱ्याच्या लेखणीचा दोष तिसऱ्यावर लादता येत नाही. सभासदाच्या मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्यावाचून, गटचालकास आरोपी करता येणार नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले.

तेव्हा सीमा नाही असे नाही. सीमा आहे आणि ती बरीचशी स्पष्टही आहे. मग अडते कोठे? अडते ते पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावर! कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये कलम ३७० रद्द झाल्याचा निषेध आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसमध्ये केला आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा दिल्या. गुन्हा नोंदला गेला; उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला; अखेर ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या मजकुराशी आम्ही सहमत आहोत की नाही, हा येथे प्रश्नच नाही. शब्दांचा परिणाम विचारी व खंबीर माणसाच्या मोजमापाने जोखावा, दुबळ्या मनाच्या नव्हे, ही न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी नागपुरात घालून दिलेली कसोटी न्यायालयाने येथे लावली. कसोटी पंचाहत्तर वर्षांची जुनी; तरी ती लागेपर्यंत एका शिक्षकाला दीड वर्ष आरोपी म्हणून काढावे लागले. निर्दोष ठरण्यापूर्वीच शिक्षा भोगणे ती हीच.

कलम ६६-अ रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले. ते थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. मेलेल्या कलमाने जिवंत माणसे धरली जावीत, यापरते नवल कोणते? यावरील उपाय आता कायद्यातच आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अभिव्यक्तीच्या प्रकरणांत तिचा अवलंब करणे उचित, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले. शासनाने ही सोय ऐच्छिक न ठेवता प्रत्येक ठाण्याचा शिरस्ता करावा, अशी आमची मागणी आहे.

वर्गावर शिकवीत असताना मुलांच्या हातातील चिठ्ठ्या आम्हीही पकडल्या आहेत. एखाद्या चिठ्ठीत दुबळ्या मुलाला दिलेली धमकी असे. तेथे छडी उगारणे भाग होते. बहुतेक चिठ्ठ्यांत मात्र मास्तरांची टवाळीच असे. ती वाचून राग येई, आणि तो गिळावा लागे. या दोन चिठ्ठ्यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती छडी देऊ नये. मग दंडा तरी कसा द्यावा?