मेगा मॅन निळा असता तर?

गेमवरची ॲनिमेशन मालिका आली की 'मूळ गेममध्ये असं नव्हतं' ही ओरड ठरलेली. अहो, पण मूळ गेममध्ये होतं काय? १९८६च्या 'कॅसलव्हेनिया'त सायमन बेलमाँट चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो, बस्स. स्वभाव खेळणाऱ्याने आपला घालायचा. बटणावरचा हात काढून घेतला की उरतं ते बाहुलं. त्यात जीव मालिकेच्या लेखकालाच ओतावा लागतो.

१९८९च्या 'कॅप्टन एन'ने तेवढे कष्ट घेतले नाहीत. सायमनला आढ्यतेखोर विदूषक केला, निळ्या मेगा मॅनला चक्क हिरवा! ही बेपर्वाई झाली. उलट २०२१ची 'आर्केन' पाहा. 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये व्हाय आणि जिंक्स यांच्या नात्याच्या नुसत्या खाणाखुणा होत्या. मालिकेने त्यांना बालपण दिलं. थोरलीला वाचवायला म्हणून धाकटी बाँब वापरते आणि त्यात सोबत वाढलेली दोन पोरंच मरतात. गेममधली हसत गोळ्या झाडणारी जिंक्स कुठून आली, ते तिथे कळतं. हे गेममध्ये नव्हतं. नशीब!

तरी केसांचा रंग जुळतो का, हेच तपासत बसणाऱ्यांना एक विचारतो. मेगा मॅन निळा ठेवला असता, तर 'कॅप्टन एन' बघवली असती का?