विद्यार्थ्यांचा वाली कोण?

बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांची पाने खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींनी भरून जातात. टोलेजंग इमारती, वातानुकूलित वर्ग, पोहण्याचे तलाव आणि पदवीनंतर मिळणाऱ्या पगाराचे आकडे यांची त्यांत रेलचेल असते. मात्र एक साधी माहिती त्यांत शोधूनही सापडत नाही. घरापासून हजार मैलांवर आलेला अठरा वर्षांचा मुलगा परीक्षेत नापास झाला, रॅगिंगला बळी पडला किंवा एकाकीपणाने खचला, तर रात्री अकरा वाजता त्याने कोणाचे दार ठोठवावे? त्या दारामागील व्यक्तीला कोणते अधिकार आहेत? पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी विचारावा असा हाच पहिला प्रश्न आहे, आणि तोच सहसा विचारला जात नाही.

लहान खासगी विद्यापीठ ही कल्पना आपल्याला परकी नव्हे. महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापलेले महिला विद्यापीठ सरकारी सनदेवाचून आणि मूठभर विद्यार्थिनींच्या बळावर उभे राहिले. मुलींचा निवास, आरोग्य आणि मनोधैर्य यांची काळजी हा कर्व्यांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होता, जोडधंदा नव्हे. आजच्या खासगी विद्यापीठांचा वंश मात्र निराळा आहे. छत्तीसगढच्या 2002 च्या कायद्याचा आधार घेऊन शंभराहून अधिक विद्यापीठे केवळ कागदावर जन्मली आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाला ती तरतूद रद्द करावी लागली, हा इतिहास विसरण्याजोगा नाही. तेव्हापासून नियम कडक झाले. इमारत किती, जमीन किती, अनामत ठेव किती, हे सारे आता मोजले जाते. विद्यार्थ्याच्या जीवनाची जबाबदारी मात्र अजून कोणी मोजत नाही.

अशा विद्यापीठांत कुलपती असतात, कुलगुरू असतात, कुलसचिव आणि वित्ताधिकारी असतात. प्रवेश विभागाच्या प्रमुखाला तर प्रशस्त कार्यालय असते, कारण तो पैसा आणतो. ‘विद्यार्थी अधिष्ठाता’ असे भारदस्त नाव असलेले पद बहुधा एखाद्या कनिष्ठ प्राध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून घातले जाते. सकाळी त्याने तास घ्यायचे, दुपारी स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा हिशेब पाहायचा, सायंकाळी खानावळीच्या तक्रारी ऐकायच्या आणि रात्री शिस्तभंगाच्या नोटिसा काढायच्या. ज्याने दंड ठोठावला त्याच्याकडेच मन मोकळे करावे, अशी अपेक्षा विद्यार्थ्याकडून केली जाते! फौजदार आणि वडीलभाऊ ही दोन्ही सोंगे एकाच माणसाला वठवता येत नाहीत. परिणामी विद्यार्थी गप्प राहतो, आणि त्या मौनालाच संस्थाचालक शिस्त समजतात.

या मौनाची किंमत लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार 2022 या एका वर्षात देशातील 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सप्टेंबरपर्यंत गोव्यातीलच एका नामांकित निवासी संस्थेत एकापाठोपाठ झालेल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनी हा प्रदेश हादरला होता. अशा मृत्यूचे एकच एक कारण शोधून कोणाला तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आणि उथळपणाचे ठरेल. परंतु हाक मारली तर ऐकणारे कोणी होते काय, हा प्रश्न विचारण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे.

नियमांची वाण आहे असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा आहे आणि त्यावर दाद मागण्यासाठी लोकपाल नेमावयाचा आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे, असे बजावले. तथापि समिती कागदावर नेमता येते आणि समुपदेशक आठवड्यातून दोन तास बोलावता येतो. नियमाला जीव येतो तो त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसामुळे. तो माणूस वयाने, अनुभवाने आणि अधिकाराने ज्येष्ठ हवा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

ज्येष्ठ म्हणजे काय? या पदाचा दर्जा कुलसचिवाच्या बरोबरीचा असावा आणि नियामक मंडळात त्याला बसण्याचा व बोलण्याचा हक्क असावा. त्याची मुदत निश्चित असावी. चालकांना अप्रिय असे सत्य सांगितले म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवता येऊ नये. शिस्तभंगाची चौकशी त्याच्या कक्षेबाहेर ठेवावी. वर्षभरात तक्रारी किती आल्या आणि किती सुटल्या, याचा अहवाल, नावे वगळून, त्याने जाहीर करावा. या मागण्यांत अशक्य असे काय आहे?

खर्च परवडत नाही, असे उत्तर मिळेल. ज्यांना पानभर जाहिराती परवडतात त्यांनी हे कारण सांगू नये. मुले सज्ञान आहेत, त्यांचे पालकत्व आम्ही का घ्यावे, असेही म्हटले जाईल. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, पण मग तो शेवटपर्यंत पाळावा. 1989 पासून अठरा वर्षांचा नागरिक लोकसभा निवडतो. त्याला वसतिगृहाच्या खानावळीविषयी मत देण्यास नालायक का ठरवावे? लिंगडोह समितीच्या शिफारशी अमलात आणण्याचा आदेश 2006 सालचा आहे. तरीही निवडून आलेल्या विद्यार्थी मंडळाची अनेक खासगी संस्थांना धास्ती वाटते. विद्यार्थ्यांनी निवडलेले मंडळ आणि निर्भय अधिष्ठाता ही एकमेकांना पूरक अशी दोन चाके आहेत.

गोव्यासाठी हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. आपला विद्यार्थी आजवर सकाळच्या बसने महाविद्यालयात गेला आणि सायंकाळी घरी पेज-भात जेवला. त्याची विचारपूस करायला आई होती, शेजार होता, देऊळ-चर्चचा परिसर होता. आता येथे येणारी निवासी विद्यापीठे देशभरातून मुले आणतील. त्यांना ना येथली भाषा येईल, ना येथे कोणी नातलग असेल. जमीन आणि परवाने देणाऱ्या शासनाने या मुलांच्या सांभाळाची अट आधी घालावी, मृत्यूनंतर समित्या नेमू नयेत.

लहान विद्यापीठाला एक देणगी आपोआप लाभलेली असते: तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने ओळखता येते. मोठ्या विद्यापीठांना ते साधत नाही. ही देणगी वाया घालवून केवळ फी गोळा करणाऱ्या संस्थेला विद्यापीठ म्हणावे काय, याचा विचार पालकांनी प्रवेशाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच करावा.