कुस्तीचा निकाल सगळ्यांसमोर लागू द्या

जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला दिलेल्या चार गुणांवरची भांडणं पुण्यात अजून मिटलेली नाहीत. महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची अंतिम कुस्ती होती. एका बाजूला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला सिकंदर शेख, दुसऱ्या बाजूला महेंद्र गायकवाड. दोघंही सोलापूर जिल्ह्यातले. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, सिकंदरचा तोल गेला, अंग वळलं आणि तो खाली आला. पाठ मातीकडे वळून पडला असेल तर चार गुण. पाठ वळलीच नसेल, नुसता ताबा गेला असेल, तर दोन. प्रश्न एवढाच होता, आणि तोही पापणी लवेपर्यंत होऊन गेलेल्या हालचालीचा. पंचांनी चार दिले. सिकंदर हरला. महेंद्र पुढे गेला आणि १४ जानेवारीला शिवराज राक्षेनं त्याला मिनिटभराच्या आत चितपट करून गदा नेली.

गदा गेली, वाद मागे राहिला. त्या डावाची चित्रफीत मोबाईलवर गावोगाव फिरली. माणसं ती थांबवून, मागे घेऊन सिकंदरचा खांदा बघत बसली. ज्यांनी जन्मात आखाड्याची पायरी चढली नव्हती तेही गुणांचा हिशेब सांगू लागले. मग ‘कुस्ती आधीच ठरलेली होती’ असं सर्रास बोललं जाऊ लागलं. कुणी पैलवानाचा धर्म काढला, कुणी पंचांचे लागेबांधे शोधले. पंचांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

ती कुस्ती ठरवून झाली, असं मी म्हणत नाही. तसा कसलाही पुरावा पुढे आलेला नाही, आणि पुराव्याशिवाय पैलवानाच्या घामावर असा डाग टाकणं हे पाप आहे. पण पंचांनी दिलेला गुण बरोबर होता हे लोकांना पटेल अशा रीतीनं, त्याच वेळी, त्याच मैदानावर, पडद्यावर दाखवून कुणी सांगितलं नाही. तिथेच खरी हानी झाली. उत्तर मिळालं नाही की माणूस स्वतःच उत्तर रचतो, आणि रचलेलं उत्तर नेहमी वाईटच असतं.

आपल्या मनात हा संशय इतक्या लवकर का येतो, तेही कुस्ती बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जत्रेच्या मैदानात दोन नावाजलेल्या पैलवानांची शेवटची जोड लागते. हलगी कडाडते, फेटे बांधले जातात, शड्डू घुमतात. आणि मग नुसती खडाखडी. हाताला हात, मानेला हात, डाव कुणीच टाकत नाही. पुढे गेल्यासारखं करायचं, मागे यायचं, कडेला जायचं, पुन्हा मध्ये यायचं. अर्ध्या तासानं पंच दोघांचे हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम अर्धं अर्धं होतं. कडेला बसलेला म्हातारा उठताना पुटपुटतो, ‘नुरा होती.’ त्याला कुणी पुरावा मागत नाही, कारण त्यानं आयुष्यभर माती बघितलेली असते. अशी प्रत्येक बरोबरी ठरलेली असते असं नाही. तुल्यबळ जोडही बरोबरीत सुटते. पण नुरा कुस्ती आपण वर्षानुवर्षं खपवून घेतली, इनामाचे पैसे वर्गणीतून भरले, आणि पुढच्या वर्षी त्याच जोडीला पुन्हा नारळ दिला. आज मोठ्या स्पर्धेतल्या खऱ्या, घाम गाळून झालेल्या कुस्तीवरही लोक तोच शिक्का मारतात, तो या सवयीमुळे.

कोथरूडनंतर तरी शहाणपण यायला हवं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. पुण्याजवळ फुलगावला सिकंदरनं शिवराजला हरवून गदा उचलली, आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा उचलली. एक राज्य कुस्तीगीर परिषदेची, एक राज्य कुस्तीगीर संघाची. ज्या किताबासाठी १९६१ पासून पोरं तालमीत आयुष्य घालवत आली, तो किताब एकाच महिन्यात दोघांकडे. खरा महाराष्ट्र केसरी कोण, हे सांगायला पैलवान नव्हे, वकील लागावा, ही पाळी कुणी आणली? संघटनांच्या भांडणानं आणली. त्यात पैलवानांचा काही दोष नाही.

आणि मग २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पुणे जिल्ह्यातल्या पृथ्वीराज मोहोळनं शिवराजला पाडलं आणि पंचांनी चितपटचा निर्णय दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, पुन्हा बघा, असा शिवराजच्या बाजूचा आग्रह होता. संतापाच्या भरात शिवराजनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनंही पंचांशी वाद घालत गादी सोडली. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

पंचांना लाथ मारणं कुठल्याही सबबीखाली माफ होऊ शकत नाही. शिक्षा योग्यच होती. पण त्या रात्री सगळ्यात जास्त नुकसान पृथ्वीराजचं झालं, असं मला वाटतं. त्यानं जिंकलेल्या गदेबरोबर एक प्रश्नचिन्हही त्याच्या घरी गेलं, आणि तो प्रश्न त्यानं निर्माण केलेला नव्हता. खांदे टेकले की नाही, हे मोठ्या पडद्यावर तीन वेळा सावकाश दाखवलं असतं, तर एक तर शिवराजला पुन्हा संधी मिळाली असती किंवा पृथ्वीराजच्या विजयावर कुणाला बोट ठेवता आलं नसतं.

आक्षेप ऐकून घेतल्यानं खेळाची शोभा जाते, पंचांचा मान कमी होतो, असं मानणारे बरेच वस्ताद आहेत. त्यांना मी खाशाबा जाधवांची आठवण करून देतो. हेलसिंकी ऑलिंपिकच्या आधी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. गोळेश्वरचा हा पोरगा गप्प घरी आला नाही. त्यानं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली, आणि खाशाबांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला लोळवलं. मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले, आणि १९५२ साली स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कराडजवळच्या त्या खेड्यात आलं. कुणीतरी तक्रार ऐकली म्हणून ते पदक आलं. तिथे हेलसिंकीत मात्र एका दमवणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना विश्रांती न देता लगेच दुसऱ्या कुस्तीला उभं केलं गेलं, आणि नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्ती ते हरले. एकदा दाद लागली, एकदा लागली नाही. ब्राँझ आणि त्यावरचा रंग यांच्यात कदाचित तेवढंच अंतर होतं.

दुसरा दाखला अगदी वेगळ्या खेळाचा देतो, पण त्याचंही पुण्याशी नातं आहे. बिलियर्ड्समध्ये १९५८ साली जगज्जेते झालेले विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, पंकज अडवाणीचा जन्मही इथलाच. त्याच टेबलावरचा स्नूकर हा खेळ तीनेक वर्षांपूर्वी मोडकळीला आला होता. दहा चिनी खेळाडूंवर सामने ठरवून खेळल्याचे, पैजा लावल्याचे, नाहीतर माहिती दडवल्याचे आरोप झाले. चाहते हादरले. ज्या खेळात खेळाडू आपला फाऊल स्वतःहून कबूल करतो, त्या खेळात हे? पण तिथल्या संघटनेनं दहाही जणांना चौकशी संपेपर्यंत खेळू दिलं नाही, स्वतंत्र आयोगापुढे सुनावणी घेतली आणि जून २०२३ मध्ये निकाल नावानिशी, कारणांसह जाहीर केला. दोघांना आजन्म बंदी, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या चुकीप्रमाणे. झाओ शिनतोंगनं स्वतः सामना सोडला नव्हता, पण दुसऱ्याच्या गैरप्रकारात तो सामील होता आणि त्यानं पैजा लावल्या होत्या. त्याला वीस महिने मिळाले. शिक्षा भोगून तो परतला, पात्रता फेरीपासून खेळला आणि मे २०२५ मध्ये शेफील्डला मार्क विल्यम्सला १८-१२ असं हरवून जगज्जेता झाला. त्यानं काय केलं होतं आणि काय केलं नव्हतं, हे सगळ्यांना कागदावर वाचता येत होतं. म्हणून लोकांना टाळ्या वाजवता आल्या.

आपल्या गहुंज्याचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या क्रिकेट सामन्याच्या सकाळीच खेळपट्टीबाबतची छुपी चित्रफीत वाहिनीवर झळकली. पुढे आयसीसीनं खेळपट्टी सांभाळणाऱ्यावर सहा महिन्यांची बंदी घातली, ती खेळपट्टी बिघडवल्याबद्दल नव्हे. कुणीतरी गैर हेतूनं आपल्याकडे आलं होतं हे कळवलं नाही, याबद्दल. कुस्तीत असा नियम हवा. ‘जोड ठरवून सोड’ असा निरोप आला आणि पैलवानानं तो कुणाला सांगितला नाही, तर तोही दोषी. पण सांगायला जागा तरी हवी. आज एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे असा निरोप आला तर तो कुणाकडे जाणार? वस्तादाकडे? वस्तादच त्यात असला तर?

म्हणून पुण्यातल्या कुस्तीवेड्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे. कुस्ती पुण्यातून हलणार नाही अशा भ्रमात राहू नका. चिंचेची तालीम, नगरकर तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, कात्रजचं संकुल, ही नावं ऐकून खेड्यापाड्यातला बाप आपलं पोर इथे आणून सोडतो. दूध, तूप, बदाम, थंडाई. गाय विकून, एखादा गुंठा विकून खुराकाचे पैसे पाठवतो. पोर पहाटे चारला उठून जोर काढतं. निकाल डावानं लागतो, या एकाच विश्वासावर हे सगळं चाललं आहे. तो विश्वास गेला तर तो बाप पोराला परत नेईल, आणि त्याला कुणी दोष देऊ शकणार नाही.

आपण काय मागायचं? पहिलं म्हणजे पडदा. ऑलिंपिकच्या कुस्तीत प्रशिक्षक आक्षेप घेतो, पंच सगळ्यांदेखत चित्रफीत बघतात, आक्षेप खोटा ठरला तर समोरच्याला एक गुण मिळतो. त्यामुळे उगाच कुणी आक्षेप घेत नाही. जिंकणाऱ्याला थार गाडी देता येते, तर चार कॅमेरे आणि एक मोठा पडदा का लावता येऊ नये? महाराष्ट्र केसरीपासून तालुक्याच्या निवड चाचणीपर्यंत हा हक्क पैलवानाला हवा, आणि तो हक्क मातीवरही हवा. चितपट द्यायची तर आखाड्यातल्या पंचाला बाजूच्या पंचाची किंवा आखाडा प्रमुखाची संमती लागते. ती संमती कुणी दिली, हे त्याच क्षणी फलकावर दिसू द्या.

दुसरं, पंचांना नीट मानधन, प्रशिक्षण आणि संरक्षण. चुकलेला पंच वेगळा आणि विकला गेलेला पंच वेगळा. चुकला तर शिकवा, विकला गेला तर कायमचा घरी बसवा, पण आधी चौकशी करा आणि चौकशीचा कागद लोकांसमोर ठेवा. ‘समिती नेमली आहे’ एवढ्यावर यापुढे आपण समाधान मानायचं नाही. अहवाल कधी, कुणाच्या सहीनं, हे विचारत राहायचं. आणि एकच किताब, एकच स्पर्धा. परिषद आणि संघ यांच्या भांडणाचा निवाडा कोर्टात होईल तेव्हा होवो. तोवर दोन्ही बाजूंनी एका मैदानात यावं. नाही आले तर प्रायोजकांनी हात आखडता घ्यावा आणि आपण त्या मैदानाकडे पाठ फिरवावी. प्रेक्षक नसलेल्या मैदानावर कुणी पुढारी हार घ्यायला येत नाही.

पण आपल्यालाही काही सोडावं लागेल. पंचाला धमकी देणारा कुस्तीचा चाहता नव्हे. पैलवानाची जात, धर्म, जिल्हा काढणाऱ्याला आपल्या गटात थारा देऊ नका. तो गट आपल्या तालमीचा असला तरीही. अर्धवट कापलेली चित्रफीत पुढे ढकलू नका. शंका आली तर लेखी तक्रार करा, खाली स्वतःचं नाव लिहा.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम कुस्तीला समोरासमोर आले होते. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. एका ताटात जेवणारे. संशय घ्यायचा तर त्यापेक्षा सोपी जागा नाही. पण कुस्ती ३-२ अशी, शेवटपर्यंत झुंजीची झाली, आणि जिंकल्यावर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. त्या निकालाला कुणी नावं ठेवली नाहीत. आपली कुस्ती हे करू शकते. म्हणूनच तिच्यासाठी भांडायचं.

यात्रांचा हंगाम आला की गावकीची, मंडळाची माणसं वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात येतील. त्यांना बसवा, चहा द्या, आणि तीन गोष्टी विचारा. मोठ्या जोडीला पंच कोण आहेत? वेळ संपली तर निकाल गुणांवर लावणार का? कुस्ती बरोबरीत सोडवली तर इनामाचं काय करणार? उत्तरं पटली तर दुप्पट वर्गणी लिहा. नाही पटली तर पावती फाडू देऊ नका.