विश्लेषण : टिकलीएवढ्या ‘डकवीड’ची खरी ओळख डीएनएने कशी पटते?

संथ पाण्यावर हिरवा थर धरणारी डकवीड अनेकदा शेवाळ समजली जाते. प्रत्यक्षात ती फुले येणारी वनस्पती आहे. अन्न, पशुखाद्य आणि पाण्यातील रसायनांच्या चाचण्या या तिन्हींसाठी ती वापरली जाते. मात्र प्रयोगशाळेतील बाटलीवर लिहिलेले तिचे नाव बरोबर आहे का, असा प्रश्न डीएनए चाचण्यांमुळे उभा राहिला आहे.

डकवीड म्हणजे नेमके काय?

स्पायरोडेला, लँडोल्टिया, लेम्ना, वोल्फिएला आणि वोल्फिया या पाच गटांतील सुमारे ३५ प्रजातींना मिळून डकवीड म्हणतात. स्पायरोडेला साधारण सेंटीमीटरभर असते, तर वोल्फिया मिलिमीटरपेक्षाही लहान. वोल्फिया ही जगातील सर्वांत लहान सपुष्प वनस्पती असून तिला मुळेही नसतात. आपल्याकडील नद्या आणि तलाव व्यापणारी जलपर्णी मात्र वेगळी. डकवीडचे जवळचे नाते आहे ते अळू आणि सुरणाच्या कुळाशी. डीएनए अभ्यासांनी हे नाते पक्के केले.

नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड का?

वनस्पतीची ओळख पटवताना फूल, फळ, बी, पानांची रचना पाहिली जाते. डकवीडमध्ये खोड आणि पान असा भेदच नाही. फुले क्वचित येतात आणि आली तरी ती भिंगाखालीच दिसतात. एका चकतीतून दुसरी चकती फुटत ती वाढते आणि अनुकूल परिस्थितीत दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. त्यातच प्रकाश, तापमान आणि पाण्यातील पोषकद्रव्ये बदलली, की एकाच प्रजातीचा आकारही बदलतो.

झुरिचचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास लँडोल्ट यांनी अनेक दशके जगभरातून नमुने गोळा करून तिचे वर्गीकरण केले. पण लेम्नाच्या काही प्रजातींमधील फरक इतका बारीक आहे, की तज्ज्ञांचाही गोंधळ होतो.

डीएनए बारकोड कसा काम करतो?

दुकानातील वस्तूवरचा बारकोड वाचला, की वस्तू कळते. तसाच डीएनएचा एक छोटा, ठरावीक तुकडा वाचून प्रजाती ओळखता येते. करोनाकाळात सर्वांना परिचित झालेल्या पीसीआर तंत्राने या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. त्यातील अक्षरांचा क्रम वाचून तो आधी नोंदवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये हरितलवकातील अशा सात तुकड्यांची डकवीडवर चाचणी घेतली. त्यातील ‘एटीपीएफ-एटीपीएच’ हा तुकडा सर्वांत उपयुक्त ठरला. तरीही काही जवळच्या प्रजाती वेगळ्या करता आल्या नाहीत.

मग अडचण कुठे आली?

हरितलवकाचा डीएनए साधारणपणे फक्त आईकडून येतो. त्यामुळे दोन प्रजातींचा संकर झाला असेल, तर हा बारकोड आईचे नाव सांगतो आणि वडिलांचा पत्ताच लागत नाही.

यावर मिलानमधील संशोधकांनी पेशीच्या केंद्रकातील ट्युब्युलिन जनुकांचा आधार घेतला. या जनुकांमधील काही तुकड्यांची लांबी प्रजातीनुसार बदलते. संकरात आई आणि वडील या दोघांच्याही लांबीचे तुकडे दिसतात. लँडोल्ट यांनी १९८० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवलेली लेम्ना जपोनिका ही प्रत्यक्षात लेम्ना मायनर आणि लेम्ना टुरिओनिफेरा यांचा संकर असल्याचे या पद्धतीने २०२१ मध्ये समोर आले. ‘लेम्ना मायनर’ अशी चिठ्ठी असलेले काही नमुनेही संकरच निघाले.

नाव चुकले तर काय बिघडते?

रसायनांची जलवनस्पतींवरील विषारीता तपासण्यासाठी ओईसीडीची ‘२२१’ क्रमांकाची चाचणी जगभर वापरतात. त्यासाठी लेम्ना मायनर किंवा लेम्ना गिब्बा सुचवलेली आहे. एका प्रयोगशाळेत खरी मायनर आणि दुसरीत संकर असेल, तर दोघांच्या निष्कर्षांची तुलना कशी करायची?

दुसरा प्रश्न अन्नाचा. थायलंडमध्ये वोल्फिया पूर्वीपासून खाल्ली जाते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये तिच्या ताज्या वनस्पतींना अन्न म्हणून मान्यता दिली, तीही ‘वोल्फिया अरायझा’ आणि ‘वोल्फिया ग्लोबोसा’ अशा प्रजातींच्या नावानिशी. म्हणजे ओळख चुकल्यास परवानगीच्या चौकटीबाहेरचा माल बाजारात येऊ शकतो.

डीएनएने सर्व वाद मिटले का?

नाही. २०२० मध्ये लेम्ना युंगेन्सिस ही वेगळी प्रजाती नसून लेम्ना वाल्डिव्हियानाच असल्याचे मान्य झाले आणि यादीतील एक नाव कमी झाले. संकरांचा प्रश्न याहून किचकट आहे. लेम्ना जपोनिकाच्या काही नमुन्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आढळतात. असे संकर बीजाविना, नुसते फुटवे फुटून वाढत राहतात. त्यांना प्रजाती म्हणायचे की संकर, हे शेवटी वर्गीकरणतज्ज्ञांनाच ठरवावे लागते.

डीएनए चाचणीचाही भरवसा तुलनेसाठी वापरलेल्या नमुन्यावरच असतो. मूळ बाटलीवरची चिठ्ठीच चुकलेली असेल, तर नवा नमुना तिच्याशी तंतोतंत जुळूनही नाव चुकीचेच मिळेल. म्हणून हरितलवक आणि केंद्रक अशा दोन्ही डीएनएंची तपासणी आणि जुन्या संग्रहांची फेरतपासणी आवश्यक ठरते.