खुर्ची मापाचीच हवी

अपंगांना साहित्यवाटप हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक ठरीव सोहळा होऊन बसला आहे. मांडव पडतो, हारतुरे होतात, चाकांच्या खुर्च्या ओळीने मांडल्या जातात आणि किती वाटल्या याचा आकडा जाहीर होतो. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांची मापे कोणी घेतली होती काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दात्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु मापाविना दिलेली खुर्ची घेणाऱ्यास परावलंबीच ठेवते. आणि मैदानात उतरू पाहणाऱ्या तरुणाची तर उमेदच मारते.

बेळगाव-निपाणी भागात ही गोष्ट कोणास समजावून सांगावी लागू नये. कोल्हापुरी चपला निपाणी-अथणीकडील कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. पायाला न बसणारी चपल किती दिवस चालेल, हे त्यांतील कोणीही सांगेल. मग ज्याला सारा दिवस त्या एका आसनावर काढावयाचा आहे, त्यालाच ‘आहे ती घे’ असे का सांगावे?

रुग्णालयात दिसणारी घडीची खुर्ची मुळात रुग्णास दुसऱ्याने ढकलीत न्यावे यासाठी असते. तिची बैठक अंगापेक्षा रुंद असली की शरीर एका बाजूस कलते, चाकापर्यंत पोचण्यासाठी हात फाकवावे लागतात आणि खांदे दुखू लागतात. वाढत्या वयात असे कलून बसणे पाठीच्या कण्यासही घातक ठरते. बैठक फार खोल असली तर तिची कड गुडघ्यामागे रुतते. पाय टेकण्याची फळी चुकीच्या उंचीवर असली तर शरीराचा भार एकाच जागी पडतो. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, त्यास ही टोचणी कळतही नाही. कळते ती जखम झाल्यावर. मग आठवडेच्या आठवडे अंथरूण धरावे लागते आणि सराव बुडतो तो बुडतोच.

उलट, बैठक अंगाबरोबर असली, चाकांचा आस योग्य जागी आणला आणि गादी नीट निवडली, की त्याच हातांच्या बळावर खुर्ची हलकी चालते. मुलगा शाळेत स्वतः जातो, अरुंद दारातून आत शिरतो, बिछान्यातून खुर्चीत येण्यासाठी आईस हाक मारीत नाही. खेळाचा पाया तो हाच. शर्यतीची तीनचाकी खुर्ची किंवा बास्केटबॉलची तिरप्या चाकांची खुर्ची ही पुढची पायरी होय. रोजच्या खुर्चीनेच खांदे जेरीस आणले, तर खेळासाठी बळ उरणार कोठून?

या मातीत जिद्दीचा दुष्काळ नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत ते चाकांच्या खुर्चीवरील अडथळ्यांच्या शर्यतीतही उतरले होते. शासनाची ‘पद्मश्री’ मात्र त्यांच्यापर्यंत पोचावयास २०१८ साल उजाडले. निपाणीपासून हाकेच्या अंतरावरील कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड’ उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. माणसे आपल्या बळावर उभी राहतात. समाजाने निदान त्यांच्या वाटेत अडगळ ठेवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालीच सांगून ठेवले आहे की खुर्ची वापरणाऱ्याच्या शरीरास आणि परिसरास साजेशी, टिकाऊ व स्थानिक पातळीवर दुरुस्त होणारी असावी. माप घेणे, जुळविणे, चालविण्यास शिकविणे आणि पुढे तपासणी करीत राहणे हे सारे तिच्या वाटपातच मोडते. ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस नव्याने सांगावयास नको. खाऱ्या हवेने गंजणारे लोखंड, जांभ्याच्या पायऱ्या आणि चढउतार हा आमचा परिसर; चिकोडी-निपाणीकडील काळ्या मातीचा पावसाळी चिखल हा त्यांचा. दोहोंकडे एकच खुर्ची चालेल, हे मानणेच भाबडेपणाचे आहे. खेळांतील सहभागासाठी सोयी करण्याचे बंधन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारांवर घातलेच आहे.

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल; वाढत्या मुलाची हाडे निकालासाठी थांबत नाहीत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या प्रत्येकी ४ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत कोल्हापूरही आहे, बेळगावही आहे. चपलेसाठी जे जमले ते खुर्चीसाठी अशक्य नाही. कोल्हापूर व बेळगाव येथे माप आणि जुळवणीची केंद्रे असावीत, रहिवासाचा दाखला कोणत्या राज्याचा हे तेथे विचारले जाऊ नये, वाढत्या मुलांची खुर्ची दरवर्षी तपासली जावी आणि गावोगावच्या सायकल दुरुस्ती करणाऱ्यांस तिच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळावे. दानशूर मंडळींनीही शंभर बिनमापाच्या खुर्च्या वाटण्यापेक्षा वीस मापाच्या द्याव्यात. समारंभातील आकडा लहान होईल खरा. पण त्या वीस जणांना मैदानापर्यंत जाण्यासाठी कोणाच्या हाताची वाट पाहावी लागणार नाही.