भीतीला तासाचा दर

'गेम भारी, पण दीड तासात संपला. पैसे परत घेतले.' छोट्या हॉरर गेम्सबद्दल हे इतक्यांदा ऐकलंय, की आता चिडचिड लपवायचीही इच्छा उरलेली नाही.

स्टीमचा २०१५पासूनचा नियम सर्वांना ठाऊक आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर पैसे परत. नियम गिऱ्हाइकासाठी चांगलाच आहे. तुटका गेम गळ्यात पडल्यावर मीही तो वापरलाय. पण २०२१मध्ये 'समर ऑफ '५८' हा हॉरर गेम करणाऱ्या एमिका गेम्सने काम अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. लोकांना गेम आवडत होता. पण तो दोन तासांत संपतो, त्यामुळे पुरा खेळून अनेकजण पैसे परत घेत होते. थाळी चाटूनपुसून संपवायची आणि मग 'पोट लवकर भरलं' म्हणून बिल द्यायचं नाही, असा हा प्रकार.

मग गेम लांबवा की, असं सांगणाऱ्यांनी 'आयर्न लंग' (२०२२) खेळावा. डेव्हिड शिमान्स्कीच्या या गेममध्ये तुम्ही रक्ताच्या समुद्रात, गंजक्या पाणबुडीत. खिडकी बंद केलेली. नकाशा आणि आकडे बघून अंदाजाने पाणबुडी हाकायची. बाहेरचं बघायचं तर मागे जाऊन कॅमेऱ्याचं बटण दाबायचं. मग एक धुरकट फोटो. फोटो पडद्यावर उमटेपर्यंतचे ते क्षण म्हणजे अख्खा गेम. हे तासभरच चालतं, कारण तासाभराने माणूस यंत्राला सरावतो. आवाज कशाचा हे कळलं, की भीतीची जागा हिशोब घेतो. पाच तास करायचे तर फ्यूज शोधा, किल्ली शोधा, खणातली डायरी वाचा. (डायरी लिहिणारा मरता मरतादेखील परिच्छेद नीट पाडतो, हे विशेष.)

किटी हॉररशोच्या 'अ‍ॅनाटॉमी'मध्ये (२०१६) तर अंधारं, रिकामं घर आणि कॅसेटी, एवढंच. कॅसेट शोधायची, स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरवर ऐकायची. आवाज घराची तुलना माणसाच्या शरीराशी करतो. मग गेम आपणहून बंद पडतो. पुन्हा उघडलात की घर तेच, पण बिघडलेलं. मला आधी वाटलं, आपला लॅपटॉपच गेला. ती शंका हाच गोष्टीचा भाग आहे, आणि ती काही दहा वेळा येत नाही.

मतकरींची गूढकथा बारा पानांत संपली म्हणून कुणी दुकानदाराशी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही.

'आयर्न लंग' चालला ना, मग रडताय कशाला, असंही म्हणतात. एक चालला म्हणून बाकीच्यांची चूल पेटत नाही.

माझी मागणी साधी आहे. गेम किती वेळाचा, हे विकतानाच लिहा आणि परताव्याची मुदत त्याच्या निम्मी ठेवा. कमाल दोन तास. मुदत कमी व्हावी म्हणून कुणी वेळ खोटा, कमी लिहील? लिहू दे. 'चाळीस मिनिटं' वाचून घ्यायचं की नाही, ते गिऱ्हाईक आधीच ठरवेल.