न सोडलेला ब्रेक

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या सीमाभागातील रस्त्यांवर ट्रॅक्टरांचे राज्य येते. हिरण्यकेशी आणि घटप्रभा यांच्या काठचा ऊस दोन-दोन ट्रॉल्यांत रचून ही वाहने रात्रंदिवस कारखान्यांकडे निघालेली असतात. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूंच्या गावांतून वाढलेल्या मुलांना त्यांचा आवाज देवळातील घंटेइतका परिचयाचा असतो. एके काळी ट्रॅक्टर हे मोठ्या बागायतदाराच्या ऐश्वर्याचे लक्षण मानले जाई. आज तो सामान्य शेतकरी कुटुंबाच्या संसारातील एक कर्ता घटक झाला आहे. २०२२-२३ या एका वर्षात देशात नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले, यावरून त्याच्या प्रसाराची कल्पना येईल. घरातील कर्त्या माणसाचे दुखणे जसे वेळीच ओळखावे लागते, तसेच या कर्त्या यंत्राचेही. अशाच एका लहानशा दुखण्याविषयी आम्ही या महिन्यात लिहीत आहोत. ट्रॅक्टर उभा करताना लावलेला ब्रेक निघताना सोडायचा राहून जातो, एवढेच ते दुखणे.

हे ऐकून शहरातील वाचकांना हसू येईल. ब्रेक लावलेला असताना वाहन चालेलच कसे, असे ते विचारतील. त्यांचा प्रश्न मोटारीच्या अनुभवातून आलेला असतो. मोटारीचा हँडब्रेक पक्का लागलेला असला तर गाडी अडखळते, गुरगुरते, पुष्कळदा बंदच पडते. बैलगाडीची गोष्ट तर आणखी सोपी. चाकाला लावलेला दगड काढायचा राहिला, तर बैल एक पाऊल टाकून थांबतात आणि मान वळवून धन्याकडे पाहतात. त्या पाहण्यात जो प्रश्न असतो, तो समजण्यास कोणत्याही शिक्षणाची आवश्यकता नसते. ट्रॅक्टर मात्र थांबत नाही आणि वळूनही पाहत नाही. तो मुकाट्याने चालू लागतो, आणि खरी अडचण येथेच आहे.

त्याचे कारण समजून घेण्यासाठी यंत्राची रचना थोडी पाहावी लागेल. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांत ब्रेक केवळ मागील दोन मोठ्या चाकांना असतात. उजव्या चाकाचे पेडल वेगळे, डाव्याचे वेगळे. शेतात बांधाशी वळताना एकाच बाजूचे चाक रोखता यावे, म्हणून ही योजना. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले एका पट्टीने जोडून घ्यायची असतात. वाहन उभे करताना हीच पेडले पायाने खाली दाबतात आणि एक लहान खिटी दातेरी पट्टीत अडकवून त्यांना तशीच दाबून ठेवतात. म्हणजे ट्रॅक्टरचा हँडब्रेक हा अनेक बनावटींत निराळा ब्रेक नसून नेहमीचाच ब्रेक खिटीने बांधून ठेवलेला असतो. तो सोडवण्यासाठी पेडले आणखी थोडी दाबावी लागतात, तेव्हा खिटी मोकळी होते आणि पेडले वर येतात. घाईत हे दाबणे अपुरे पडले, किंवा खिटीची स्प्रिंग मरगळलेली असली, तर ब्रेक अर्धवट सुटतो. पूर्ण लागलेल्या ब्रेकपेक्षा हा अर्धवट सुटलेला ब्रेक अधिक फसवा असतो.

आता इंजिनाकडे वळू. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर नावाचा एक नियामक असतो. चालकाने हाताच्या थ्रॉटलने जो वेग ठरवून दिला, तो कायम ठेवणे हे त्याचे काम. नांगराला कठीण ढेकूळ लागले, ओझे वाढले, की वेग किंचित घसरतो आणि त्याच क्षणी गव्हर्नर डिझेलचा पुरवठा वाढवून तो पूर्ववत करतो. नांगरटीसाठी हा गुण अमोल आहे. परंतु ओझे नांगराचे आहे की घासणाऱ्या ब्रेकचे, हे त्या नियामकाला कळत नाही. खालच्या गिअरमध्ये चाकांवर येणारा जोर इतका प्रचंड असतो की, अर्धवट लागलेल्या ब्रेकचा विरोध त्यात सहज बुडून जातो. चालकाला आवाजात थोडा जडपणा जाणवला तरी तो रानाच्या ओलीला किंवा ट्रॉलीतील भाराला दोष देतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, या म्हणीचे यांत्रिक उदाहरण याहून चांगले सापडणार नाही.

हे पीठ किती खाल्ले जाते, त्याचा साधा हिशेब वाचकांनी आमच्याबरोबर करून पाहावा. समजा, घासणाऱ्या ब्रेकचा विरोध १०० किलो वजनाच्या ओढीइतका आहे आणि ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटर वेगाने चालला आहे. या विरोधावर मात करण्यात सुमारे पावणेतीन किलोवॅट, म्हणजे पावणेचार अश्वशक्तीच्या आसपास शक्ती खर्च होते. ४५ अश्वशक्तीच्या इंजिनाच्या मानाने ती बाराव्या हिश्शाइतकी आहे, म्हणून ती लक्षात येत नाही. परंतु ही सर्व शक्ती शेवटी उष्णता होऊन ब्रेकच्या बंदिस्त घरात साठते. पाणी तापवण्याची दीड किलोवॅटची कॉइल आपल्या घरात बादलीभर पाणी किती वेळात कढत करते, ते गृहिणींना ठाऊक आहे. अशा जवळजवळ दोन कॉइली त्या लोखंडी घरात अखंड जळत आहेत, असे समजावे. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण ३० टक्केच चाकाच्या कामी येते, हे धरले तर या निरर्थक घर्षणापायी तासाला सुमारे एक लिटर डिझेल जाते.

जुन्या ट्रॅक्टरांतील कोरडे ब्रेक निदान वास तरी देत. अस्तर जळू लागले की तो तिखट, करपट वास चालकाच्या नाकापर्यंत येई, क्वचित धूरही दिसे, आणि चूक ध्यानी येई. आता सर्वत्र रूढ झालेल्या तेलात बुडालेल्या ब्रेकांचे तसे नाही. ते अधिक टिकाऊ आहेत, चिखलपाण्याने बिघडत नाहीत, हे सर्व खरे. परंतु तेलामुळे जळण्याचा वास दडून राहतो. तबकड्या आतल्या आत तापतात, वाकतात. अस्तराची भुकटी तेलात मिसळते, आणि अनेक ट्रॅक्टरांत हेच तेल गिअर व हायड्रॉलिक यांनाही पुरत असल्यामुळे ती भुकटी तेथवर पोचते. गव्हर्नरने लपवलेली गोष्ट तेलही लपवते.

तरीही डिझेल आणि दुरुस्ती यांच्या खर्चापुरताच हा प्रश्न असता, तर आम्ही त्यावर एवढी पाने खर्च केली नसती. त्याची खरी भीती पुढे आहे. जो ब्रेक सकाळी तीन तास घासत राहिला, त्याचीच संध्याकाळी उतारावर गरज पडणार असते. तापलेले अस्तर आपली पकड गमावते. झिजलेल्या अस्तराचे पेडल पार तळाशी जाते. दोन्ही बाजूंची झीज सारखी नसेल, तर ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. उसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे मागून रेटणाऱ्या कित्येक टनांच्या भारापुढे त्या दोन मागच्या चाकांचा ब्रेक हाच काय तो आधार. सकाळी सोडायचा राहिलेला ब्रेक संध्याकाळी लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने मनात कोरून ठेवण्यासारखे आहे. उतारावर समोरून सायकलीवर येणाऱ्या शाळकरी मुलाला त्या सकाळची हकीकत ठाऊक नसते.

मग एवढी साधी गोष्ट विसरते तरी का? निष्काळजीपणा, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु हे उत्तर पुरेसे नाही. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ‘ह्यूमन एरर’ या ग्रंथात समजुतीतील चूक आणि हातून सुटलेली गोष्ट यांत स्पष्ट भेद केला आहे. जे काम सरावाने आपोआप होते, त्यातील एखादी पायरी गळून पडते, आणि असे नवशिक्यापेक्षा सराइताच्या हातून होण्याचा संभव अधिक. नवशिका प्रत्येक गोष्ट विचारून-आठवून करतो. सराइताचे हात पुढे चालतात आणि मन दुसरीकडे असते. त्यातून ब्रेक लावण्यामागे भीती असते, ट्रॅक्टर घरंगळेल ही. सोडण्यामागे तशी भीती नाही. आणखी एक गोष्ट आमच्याकडे नित्य घडते. रात्री वडिलांनी लावलेला ब्रेक पहाटे मुलगा किंवा गडी सोडणार असतो. ज्याने बांधले त्याला ठाऊक आहे, ज्याने सोडायचे त्याला नाही.

विमानविद्येच्या इतिहासात याचे एक हृदयद्रावक उदाहरण नोंदलेले आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटनजवळच्या राइट फील्ड येथे बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या चार इंजिनांच्या नव्या विमानाची चाचणी होती. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने विमानाची सुकाणूफळे हलून मोडू नयेत म्हणून त्यांना एक अटकाव लावलेला असे. उड्डाणापूर्वी तो काढावयाचा राहिला. विमान वर गेले, उभे चढू लागले आणि कोसळून पेटले. मेजर प्लॉयर हिल आणि लेस्ली टॉवर हे दोन अनुभवी वैमानिक त्यात प्राणास मुकले. त्या दोघांच्या कौशल्याविषयी कोणालाच शंका नव्हती. म्हणूनच यानंतर वैमानिकांना अधिक शिक्षण देण्यावर न थांबता, उड्डाणापूर्वी वाचावयाची एक छोटी यादी तयार करण्यात आली. ती पद्धत पुढे जगभर रूढ झाली. उभ्या विमानाला लावलेल्या अटकावांवर ‘उड्डाणापूर्वी काढा’ अशा अर्थाच्या लाल फिती लोंबत्या ठेवण्याचीही रीत आहे. स्मरणशक्तीवर विसंबू नये, आठवण वस्तूलाच बांधून ठेवावी, हे त्यामागील शहाणपण.

तेच शहाणपण आपल्या अंगणातही आणता येईल. हातभर लांब लाल चिंधी घ्यावी. ब्रेक लावला की ती स्टिअरिंगला बांधावी आणि ब्रेक सोडल्यावरच सोडावी. ज्याला ट्रॅक्टर हाकायचा आहे, त्याच्या हाताला ती आधी लागेल, मग तो वडील असो, मुलगा असो की नवा गडी. नव्या ट्रॅक्टरांत पुष्कळदा यासाठी दिवा असतो. परंतु भर उन्हात तो दिसत नाही आणि उंदरांनी वायर कुरतडली की लागतही नाही, तेव्हा चिंधीची जागा दिव्याने घेऊ नये. निघण्यापूर्वी दोन्ही पेडले एकदा पूर्ण दाबून ती मोकळेपणाने वर येतात का, हे पाहावे. मग सपाट, कठीण जागी थोडे पुढे जाऊन क्लच दाबावा. ट्रॅक्टर सहज घरंगळत गेला तर चाके मोकळी आहेत. क्लच दाबताक्षणी मान टाकल्यासारखा थांबला, तर कोठेतरी ब्रेक घासतो आहे.

आणि चूक ध्यानी आलीच, तर काम तेथेच थांबवावे. ट्रॅक्टर सपाट जागी घेऊन चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. तापलेला ब्रेक पुन्हा आवळून ठेवू नये. त्यावर पाणी ओतण्याचा मोह टाळावा, कारण लाल तापलेल्या तव्यावर गार पाणी पडले की काय होते, ते आपण जाणतो. निवल्यावर मेकॅनिककडून अस्तर आणि तेल तपासून घेतल्यावाचून भरलेली ट्रॉली उतारावर नेऊ नये. मात्र या सगळ्याच्या धास्तीने ब्रेक लावणेच सोडून देणे हा दुसरा अविचार होय. अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरभोवती मुले खेळतात, वर चढतात, दांडे ओढतात. तेथे ब्रेक हवाच.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. ट्रॅक्टरचा हा दोष इंजिन लपवते आणि तेल लपवते, हे वर सांगितले. तिसरा लपवणारा म्हणजे भ्यालेला माणूस. दुपारी चूक ध्यानी आलेला गडी किंवा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मालकाच्या रागाला भिऊन गप्प बसला, की तोच ट्रॅक्टर संध्याकाळी उसासह उतारावर जातो. डिझेलच्या दोन लिटरांवरून आम्ही त्याला चार लोकांत बोललो, तर पुढच्या वेळी तो काहीच सांगणार नाही, आणि त्या मौनाची किंमत लिटरांत मोजता येणार नाही. “काका, ब्रेक राहिला होता,” असे त्याने येऊन सांगितले, तर आधी त्याला बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि मग दोघांनी मिळून चाकापाशी जाऊन पाहावे. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. त्या दिवशी ब्रेकची अस्तरे तपासून घ्यावीत आणि स्टिअरिंगला नवी लाल चिंधी बांधावी, असा नेम घराघरांतून पाळला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.